शेपटी पाहा, मग नाव सांगा!
गप्पी माशांचे वाण कसे ओळखावेत

आमच्या चाळीच्या गॅलरीत प्लॅस्टिकचे सहा टब ओळीने मांडलेले आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "एवढे टब कशाला? पाणी येत नाही का?" पाणी येते. टबांत मासे आहेत. आमची पुतणी गेली दोन वर्षे गप्पी पाळते. आधी हौस होती, मग हौसेतून चार पैसे सुटू लागले, आणि बारावीनंतरच्या प्रवेशाची फी याच टबांतून काढायची, असा तिने निश्चय केला. आम्ही पडलो कारकून माणूस. वही, पावती, जमाखर्च एवढेच आम्हाला कळते. तरी या लेखात आम्ही माशांविषयी लिहितो आहोत, त्याला कारण आहे. आमच्या एका चुकीमुळे त्या मुलीचे सात महिन्यांचे काम पाण्यात गेले, आणि ती चूक समजून घेताना जे शिकलो ते वाचकांच्या घरातल्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटते.

झाले असे. पुतणीने दिवाळीत साठवलेल्या पैशांतून 'मॉस्को ब्लू' नावाची जोडी आणली. तिची पिल्ले वाढवली, नर-मादी वेळेत वेगळे केले, आणि फेब्रुवारीत निवडक दोन नर व सहा कोवळ्या माद्या एका टबात सोडल्या. यांची पिल्ले मोठी झाली की देऊ, अशा बोलीवर सहा गिऱ्हाइकांकडून जोडीला तीनशे रुपयांप्रमाणे अठराशे रुपये आगाऊ घेतले आणि ती आठ दिवस आजोळी गेली. इकडे चाळीचा हौद धुवायला काढला. हौदात डासांसाठी सोडलेले साधे गप्पी होते. ते मरू नयेत म्हणून आम्ही पाच-सहा मासे उचलून तिच्या टबात टाकले. मासा तो मासा, चार दिवसांचे पाहुणे, असा आमचा हिशेब. ती परत आली, टबात डोकावली आणि मटकन खाली बसली. आम्हाला कळेना, मासे तर सगळे जिवंत आहेत, मग पोर रडते का?

हा मासा आला कुठून?

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला, व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांतला. व्हेनेझुएलातून आलेल्या नमुन्यांवरून विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थांनी काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तेथल्या आल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये त्यांच्या आडनावावरून माशाला नाव दिले. आधीचे वर्णन पीटर्सचे असल्याने शास्त्रात गुंथरचे नाव टिकले नाही. आज शास्त्रीय नाव 'पोइसिलिया रेटिक्युलाटा' असे आहे. पण लोकांच्या तोंडी 'गप्पी' बसले ते बसलेच.

डासांच्या अळ्या खातो म्हणून हा मासा जगभर नेला गेला. आपल्याकडेही विहिरी, हौद, कारंजी यांत पालिकेचे आरोग्य कर्मचारी तो सोडतात. त्यामुळे आपल्या वस्त्यांत गप्पी माहीत नाही असे घर विरळा. मात्र हौदातला करडा, इवलासा गप्पी आणि दुकानातल्या काचपेटीत निळ्या-लाल शेपटीचा पंखा मिरवणारा गप्पी हे एकच, हे अनेकांना खरे वाटत नाही. पण ते खरे आहे. दुकानदार 'ही जात वेगळी, ती जात वेगळी' म्हणतात. वाचकहो, जात वेगळी नाही. सगळे गप्पी एकाच प्रजातीचे आहेत आणि कोणाचीही कोणाशी सहज प्रजा होते. माणसाने निवडून निवडून जे वेगळे केले, ते फक्त वाण. म्हणून तर आमच्या चार दिवसांच्या पाहुण्यांनी एवढा घोळ घातला.

आधी नर, मग मादी

वाण ओळखायचा तो नरावरून. नर लहान, साधारण तीन सेंटिमीटर शरीराचा, रंगीत आणि लांब शेपटीचा असतो. पोटाखालचा त्याचा पर काडीसारखा निमुळता होतो. मादी मोठी, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिचा पोटाखालचा पर पंख्यासारखाच राहतो आणि त्याच्या वर पोटावर गडद डाग दिसतो. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, एका वेतात वीस-तीस, मोठी मादी असेल तर त्याहूनही जास्त पिल्ले.

पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की मादीच्या पोटावरचा डाग दिसू लागतो. त्याच वेळी नर वेगळे काढावेत. उशीर झाला की भाऊबहिणीतच जोड लागते. आणि नराची शेपटी पूर्ण भरायला चार ते सहा महिने लागतात. दोन महिन्यांच्या नराची शेपटी पाहून कोणी वाण सांगत असेल, तर तो अंदाज समजावा.

पहिली खूण : शेपटीचा आकार

पुतणीने आम्हाला शिकवताना वहीत चित्रे काढली. तीच आम्ही शब्दांत देतो. हौशी मंडळींच्या स्पर्धांत शेपटीचे सर्वसाधारणपणे बारा आकार मानतात, आणि ते तीन गटांत बसतात.

पहिला गट मोठ्या शेपटीचा. 'डेल्टा' किंवा 'ट्रँगल' म्हणजे समोशासारखा सरळ कडांचा त्रिकोण, साठ-सत्तर अंश उघडलेला. 'फॅनटेल' म्हणजे हातपंखा, डेल्टापेक्षा कमी उघडलेला आणि मागची कड किंचित गोलसर. 'व्हेलटेल' म्हणजे ओढणी, अरुंद आणि लांब. 'फ्लॅगटेल' म्हणजे निशाण, वरची-खालची कड जवळपास समांतर.

दुसरा गट तलवारींचा. शेपटीच्या वरच्या व खालच्या दोन्ही टोकांतून पाती निघाली तर 'डबल सोर्ड', फक्त वरून निघाली तर 'टॉप सोर्ड', फक्त खालून तर 'बॉटम सोर्ड'. दोन्ही टोके लांब होऊन बाहेर वळली तर 'लायरटेल'. लायर हे पाश्चात्त्यांचे जुने तंतुवाद्य, त्याच्या दोन बाजू अशाच वळलेल्या असतात.

तिसरा गट आखूड शेपटीचा. 'राउंडटेल' म्हणजे गोल शेपटी, हौदातल्या गप्पीच्या सर्वांत जवळची. 'पिनटेल' म्हणजे गोल शेपटीच्या मधून सुईसारखे टोक, पिंपळपान आठवा. 'स्पिअरटेल' म्हणजे भाल्याचा फाळ, आणि 'स्पेडटेल' म्हणजे फावडे.

अलीकडे बाजारात 'हाफमून' हे नावही ऐकू येते. शेपटी अर्ध्या चंद्रासारखी पूर्ण उघडली तर तो हाफमून. निव्वळ मोठ्या शेपटीच्या डेल्टाला हाफमून म्हणून जास्त पैसे मागितले जातात, तेव्हा नर शेपटी पूर्ण पसरेपर्यंत टाकीसमोर थांबावे. मादी दिसली की तो पसरतोच.

दुसरी खूण : बाकीचे पर

शेपटीनंतर पाठीवरचा पर पाहावा. चांगल्या डेल्टा नरात तो लांब, मागे शेपटीपर्यंत पोचणारा असतो, आणि त्याचा रंग शेपटीशी जुळावा अशी अपेक्षा असते. शेपटी लाल आणि पाठीचा पर पांढुरका असेल, तर वाण पक्का नाही असे समजायला जागा आहे.

कल्ल्यांमागे जे दोन लहान पर असतात ते बहुतेक गप्पींत पारदर्शक असतात. हेच पर मोठे, रंगीत आणि हत्तीच्या कानासारखे फडफडणारे दिसले, तर तो 'डम्बो इअर'. पोटाखालचे पर फितीसारखे लांब लोंबत असतील तर 'रिबन', आणि शेपटीसह सगळ्याच परांचे काही दोरे लांब सुटले असतील तर 'स्वॅलो'. रिबन नर दिसायला देखणा, पण त्याचा पोटाखालचा पर इतका लांबतो की त्याच्याकडून प्रजा होत नाही. अशा वाणात प्रजेसाठी त्याच घराण्यातला साध्या परांचा भाऊ ठेवावा लागतो. हे न सांगता नुसती रिबन जोडी विकली, तर घेणाऱ्याचे पैसे वाया गेले.

तिसरी खूण : अंगाचा मूळ रंग

नक्षी पाहण्याआधी तिच्याखालचे कापड पाहावे. मूळ रंग 'ग्रे', म्हणजे हौदातल्या माशाचा करडा. त्यावर खवल्यांची जाळी दिसते. शास्त्रीय नावातला 'रेटिक्युलाटा' हा शब्द जाळीदार याच अर्थाचा आहे. काळे रंगद्रव्य कमी झाले की मासा फिकट पिवळसर दिसतो, त्याला 'ब्लाँड' किंवा 'गोल्ड' म्हणतात. दोघांत फरक एवढाच की गोल्डमध्ये खवल्यांच्या कडा ठळक उठून दिसतात, ब्लाँडमध्ये त्या पुसट असतात. काळे द्रव्य मुळीच नसेल तर 'अल्बिनो'. त्याची परीक्षा डोळ्यावर. डोळा लाल, तर अल्बिनो. डोळा काळा, तर अंग कितीही फिकट असो, अल्बिनो नव्हे.

येथे एक मजेची गोष्ट. लाल आणि पिवळ्या रंगाच्या पेशी असतात, काळ्याच्या असतात, पण निळ्याचे रंगद्रव्य गप्पीत नसते. त्वचेतल्या चकचकीत पेशींवरून प्रकाश परततो आणि आपल्याला निळे दिसते. म्हणून निळा मासा पाहताना उजेड आपल्या पाठीमागून माशावर पडावा. उलट्या उजेडात तोच मासा राखाडी दिसतो. लाल-नारिंगी रंगाचा काही भाग माशाच्या खाण्यातून येतो, म्हणून उपाशी मासा फिका पडतो.

चौथी खूण : अंगावरची आणि शेपटीवरची नक्षी

अंगावर नागाच्या कातडीसारखी नागमोडी, उभ्या रेघांची नक्षी असेल तर 'कोब्रा' किंवा 'स्नेकस्किन'. तीच नक्षी फार बारीक, जाळीच्या कापडासारखी असेल तर 'लेस'. अंगाचा मागचा अर्धा भाग काळा, जणू काळी पँट घातली आहे, तर 'टक्सिडो' किंवा 'हाफ ब्लॅक'. मागचा अर्धा भाग आकाशी निळा चमकत असेल तर 'जपान ब्लू'. डोके आणि खांद्यापासून सगळे अंग एकाच गडद धातूसारख्या रंगाचे असेल तर 'मॉस्को'. हा वाण रशियातल्या पाळणाऱ्यांनी पुढे आणला, म्हणून हे नाव. मॉस्को नर घाबरला किंवा निजला की रंग बदलतो, तेव्हा त्याला दोन-तीन वेळा पाहून ठरवावे.

शेपटीवर गवताच्या बियांसारखे बारीक ठिपके विखुरलेले असतील तर 'ग्रास'. ठिपके मोठे, सुटे असतील तर 'लेपर्ड'. ठिपके एकमेकांना जोडून वेडेवाकडे तुकडे झाले असतील, फुटक्या लादीच्या फरशीसारखे, तर 'मोझॅक'. काहीच नक्षी नाही, एकच रंग, तर 'सॉलिड'.

आता नाव वाचणे सोपे होते. 'अल्बिनो फुल रेड' म्हणजे लाल डोळा आणि सगळे अंग लाल. 'हाफ ब्लॅक यलो डेल्टा' म्हणजे मागचे अंग काळे, शेपटी पिवळी, आकार त्रिकोणी. कारकुनी भाषेत सांगायचे तर नाव म्हणजे चार रकान्यांचा तक्ता : मूळ रंग, अंगाची नक्षी, शेपटीचा रंग वा नक्षी, शेपटीचा आकार. आमच्या पुतणीची वही आता अशाच चार रकान्यांची आहे. एखाद्या रकान्यात काय लिहावे हे कळत नसेल, तर तो कोरा ठेवावा. दुकानदाराने सांगितले म्हणून भरू नये.

मादीचे काय?

आता आमच्या चुकीकडे येतो. पुतणी रडली, कारण आम्हाला जे ठाऊक नव्हते ते तिला ठाऊक होते. गप्पी मादी एकदा नराच्या संगतीत आली की त्याचे बीज पोटात महिनोन् महिने साठवते. पाहुणे नर काढून टाकले तरी पुढच्या कित्येक वेतांत त्यांची पिल्ले येत राहतात. एवढेच नव्हे, एकाच वेतात दोन-तीन बापांची पिल्ले असू शकतात.

तसेच झाले. तीन-चार महिन्यांनी नर रंगावर आले, तेव्हा काही बापासारखे गडद निळे निघाले, आणि काही आखूड गोल शेपटीचे, अंगावर नारिंगी-काळे ठिपके असलेले, थेट हौदातल्यासारखे. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटले, निळे नर निवड, त्यांना बहिणी जोड आणि गिऱ्हाइकांना देऊन टाक. कोणाला कळणार आहे? हे वाक्य आमच्या तोंडून गेले, ते येथे लपवत नाही.

ती म्हणाली, "काका, नर कळतो. मादी कुठे कळते?"

मॉस्कोचे लक्षण बापाकडून फक्त मुलाला जाते. माणसात पुरुषाकडे एक्स आणि वाय अशी गुणसूत्रे असतात, तशीच ती गप्पीच्या नरात असतात, आणि मॉस्कोचा रंग वाय गुणसूत्रावर बसलेला असतो. डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये गप्पीच्या पाठीच्या परावरचा एक डाग केवळ बापाकडून मुलाकडे जातो हे दाखवून दिले, आणि त्यांच्याच देशातल्या विंगे यांनी ते काम पुढे नेले. या इवल्याशा माशाने अनुवंशशास्त्राला असा मोठा धडा दिला आहे. कोब्राची नक्षीही बहुधा अशीच बापाकडून मुलाकडे जाते.

मुलीला बापाकडून वाय मिळत नाही. म्हणून मॉस्कोची मुलगी करडी आणि हौदातल्याची मुलगीही करडी. त्या टबातली कोणती मादी कोणाची, हे जगातला कोणताही जाणकार डोळ्यांनी सांगू शकला नसता. हाफ ब्लॅक मादीचा मागचा भाग बहुधा सावळा दिसतो, अल्बिनो मादीचा डोळा लाल असतो, ग्रास-मोझॅकच्या मादीच्या शेपटीवर थोडे ठिपके उमटतात. पण बहुतेक वाणांत मादीची ओळख म्हणजे तिच्या बापाची आणि भावांची ओळख. म्हणून जोडी घेताना मादी ज्या टाकीतली आहे, त्या टाकीतले नर पाहायला मागावेत. मादी नरासारखी झगझगीत रंगीत दिसत असेल तर अधिक सावध व्हावे. काही ठिकाणी संप्रेरक देऊन माद्या रंगवतात, आणि अशा माद्या पुढे बहुधा पिल्ले देत नाहीत.

हिशेब

पुतणीने सहाही गिऱ्हाइकांना बोलावले आणि टब दाखवून खरे काय ते सांगितले. आम्ही शेजारी उभे होतो. चूक आमची, हे आम्हीच सांगितले. दोघांनी पैसे परत घेतले, ते सहाशे रुपये आम्ही आमच्या खिशातून दिले. चौघे थांबले. मिश्र पिल्ले तिने 'मिश्र गप्पी' अशी चिठ्ठी लावून वीस रुपये जोडीने विकली; शाळेतल्या पोरांनी हौसेने नेली. आधीच्या दोन नरांना त्याच पाळणाऱ्याकडून नवीन, नर न लागलेल्या माद्या आणल्या आणि काम पहिल्यापासून सुरू केले. प्रवेशाच्या वेळी फीला पैसे कमी पडले, ते आम्ही भरले. तिने ते वहीत 'काकांकडून उसने' असे लिहिले आहे. आम्ही खोडायला सांगितले, ती खोडत नाही. चौघांना त्यांच्या जोड्या सहा-सात महिन्यांनी मिळाल्या.

जाता जाता

ज्यांना मुलांसाठी गप्पी घ्यायचे आहेत त्यांनी एवढे करावे. दिवसाउजेडी जावे. आधी नराची शेपटी, मग पाठीचा पर, मग डोळा, मग नक्षी, या क्रमाने पाहावे. एकाच टाकीतले चार-पाच नर एकमेकांसारखे आहेत का ते पाहावे. सारखे नसतील तर नाव कितीही भारी असो, माल मिश्र आहे. मिश्र माल वाईट नव्हे, त्याची किंमत मिश्र असावी एवढेच. घरी आणल्यावर एका टबात एकच वाण ठेवावा आणि टबावर तारीख घालावी.

नको झालेले मासे तलावात, नदीत किंवा नाल्यात सोडू नयेत. गप्पी आपल्याकडचा नाही, तेथल्या मूळच्या माशांची अंडी-पिल्ले तो खातो. आणि डासांसाठी हौदात मासे हवे असतील तर दुकानातले लांब शेपटीचे टाकू नयेत. त्या शेपटीचे ओझे घेऊन त्यांना चपळाईने पोहता येत नाही. पालिकेच्या आरोग्य खात्याकडून साधे गप्पी मागावेत. अळ्या टिपायला तेच तरबेज.

आमच्या चाळीचा हौद आता पुन्हा भरला आहे आणि पाहुणे मंडळी आपल्या घरी परतली आहेत. पुढच्या वेळी हौद धुवायचा झाला, तर त्यांच्यासाठी वेगळी बादली ठेवायची, असे पुतणीने आम्हाला लिहून दिले आहे. बादली आम्ही आणून ठेवली आहे.